उच्चार, मौन आणि फल : ‘मॅजिक’ या खेळाच्या कालनियमांची संहिता

रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ वरवर पाहता दोन मांत्रिकांच्या द्वंद्वाची कथा सांगतो. प्रत्येकाजवळ वीस प्राणांक असतात, पत्ते हे त्याचे मंत्र असतात, आणि प्रतिस्पर्ध्याचे प्राणांक शून्यावर आणणे हे उद्दिष्ट असते. या कथेला वाङ्मयीन मूल्य फारसे नाही. पत्त्यांवरील चित्रे, त्यांखालील तिरप्या टायपातली वाक्ये, राक्षस-पऱ्यांची नावे यांतून एक मिथ्यसृष्टी उभी राहते खरी. पण ती पाश्चात्त्य अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या उसनवारीवर उभी आहे, हे लपत नाही. खेळांचा विचार ‘कथन’ म्हणून करावा की ‘नियमव्यवस्था’ म्हणून, हा वाद एस्पेन आर्सेथच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथानंतर युरोपात बराच रंगला. त्यातील दोन्ही पक्षांनी ‘मॅजिक’ची मांत्रिकांची कथा बाजूला ठेवून त्याच्या नियमसंहितेतील काळासंबंधीचे प्रकरण वाचले असते, तर वादाचे स्वरूप कदाचित बदलले असते. या खेळातील खरे निवेदन त्या रूक्ष, क्रमांकित कलमांत आहे. मंत्र केव्हा उच्चारता येतो, उच्चारल्यावर तो केव्हा फलद्रूप होतो, आणि या दोन क्षणांच्या मध्ये कोणाला काय करण्याचा हक्क असतो, एवढेच ती कलमे सांगतात. परंतु हे सांगताना शब्द, काल आणि ‘दुसरा’ यांच्या परस्परसंबंधाविषयी ती एक निश्चित भूमिका घेतात.

या व्यवस्थेचे स्वरूप आधी थोडक्यात ध्यानात घ्यावे लागेल. खेळाडू मंत्र उच्चारतो तेव्हा तो लगेच फलद्रूप होत नाही. तो ‘स्टॅक’वर, म्हणजे एका काल्पनिक चळतीवर, जाऊन पडतो. मंत्र उच्चारण्यासाठी ‘प्रायॉरिटी’, म्हणजे बोलण्याचा हक्क, हाती असावा लागतो. हा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. तो हाती आलेला खेळाडू चळतीवर आपला मंत्र ठेवू शकतो किंवा काहीही न करता हक्क पुढे देऊ शकतो. सर्व खेळाडूंनी लागोपाठ काहीही न करता हक्क पुढे दिला, की चळतीवरील सर्वांत वरचा मंत्र फलद्रूप होतो. अर्थातच शेवटी उच्चारलेले प्रथम घडते आणि प्रथम उच्चारलेले सर्वांत शेवटी. चळत रिकामी असताना सर्वांनी लागोपाठ हक्क सोडला, तर खेळाचा चालू टप्पा संपून पुढचा सुरू होतो.

या शेवटच्या दोन वाक्यांत संहितेचे सारे रहस्य आहे. मौन एकच, पण चळत भरलेली असेल तर त्याने शब्द फलद्रूप होतो आणि चळत रिकामी असेल तर त्याने काळ पुढे सरकतो. या खेळात घड्याळ नाही. स्पर्धेच्या आयोजकांनी भिंतीवर लावलेले घड्याळ असते, ते खेळाबाहेरचे. खेळातला काळ आपणहून वाहत नाही, तो प्रत्येक पावलाला सर्वांच्या मौनाने पुढे ढकलावा लागतो. हायझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) क्रीडेला व्यवहारापासून कुंपण घालून वेगळा काढलेला काळ असतो असे प्रतिपादन केले. ते येथे अपुरे पडते, कारण कुंपणाच्या आत काळ कशाचा बनलेला आहे हे त्यातून कळत नाही. ‘मॅजिक’मध्ये तो परस्परसंमतीचा बनलेला आहे, आणि ही संमती फक्त न बोलण्यातूनच व्यक्त होऊ शकते.

‘स्पेल’साठी मराठीत ‘मंत्र’ हा शब्द सहज सुचतो आणि येथेही तो योजला आहे. मात्र तो योजताना एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या परंपरेत मंत्राचे सामर्थ्य उच्चाराच्या शुद्धतेत, उच्चारणाऱ्याच्या अधिकारात आणि विधीच्या यथासांगतेत मानले आहे. ज्याच्यावर मंत्र चालवायचा त्याची संमती तेथे अप्रस्तुत आहे. त्वष्ट्याने इंद्राच्या नाशासाठी यज्ञ केला आणि एका सामासिक शब्दातील स्वर चुकल्याने फल उलटे होऊन वृत्रच मारला गेला, ही कथा व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परिचित असते. त्या कथेत दोष उच्चाराचा आहे. इंद्राला काही बोलावे लागत नाही, कदाचित त्याला ठाऊकही नसावे. ‘मॅजिक’मधील इंद्राला मात्र प्रत्येक वेळी विचारावे लागते. उच्चार निर्दोष असला, मंत्राचे ‘माना’रूपी मोल चुकते झाले असले, तरी प्रतिस्पर्ध्याने गप्प राहिल्याशिवाय शब्दाला फल नाही. ऑस्टिनने आपल्या भाषिक कृतींच्या विवेचनात (१९६२) पैजेचे उदाहरण घेतले होते. पैज लावली असे होण्यासाठी समोरच्याने ती स्वीकारावी लागते. पण तेथे स्वीकार ही भावरूप कृती आहे. येथे अभावच कृतीचे काम करतो.

नियमांचे हे वर्णन अमूर्त वाटू नये म्हणून पहिल्याच संचातील तीन पत्ते घेता येतील. ‘ग्रिझली बेअर्स’ हे दोन बळ आणि दोन सहनशक्ती असलेले साधे अस्वल. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा तीन इजा करणारा विजेचा लोळ. आणि ‘जायंट ग्रोथ’ हा पाळी संपेपर्यंत प्राण्याचे बळ व सहनशक्ती तीन-तीनने वाढविणारा मंत्र. अस्वल पहिल्या खेळाडूचे आहे. दुसऱ्याने त्यावर विजेचा लोळ टाकला. तो चळतीवर असतानाच पहिल्याने वाढीचा मंत्र उच्चारला. वाढ वर असल्याने ती आधी घडते, अस्वलाची सहनशक्ती पाच होते, मग वीज कोसळते आणि तीन इजा सोसून अस्वल वाचते. आता क्रम उलटा करून पाहावा. पहिल्याने आपणहून वाढीचा मंत्र उच्चारला आणि तो चळतीवर असताना दुसऱ्याने वीज टाकली. आता वीज आधी पडते, दोन सहनशक्तीचे अस्वल मरते आणि मागाहून येणाऱ्या वाढीला लक्ष्यच सापडत नाही. पत्ते तेच, अस्वल तेच, हेतूही तेच. बदलला तो केवळ बोलण्याचा क्रम. दोन्ही प्रसंगांत जो आधी बोलला तो हरला.

शौर्यकथेच्या सर्व संकेतांना हे छेद देणारे आहे. द्वंद्वाच्या कथेत पुढाकाराला प्रतिष्ठा असते, पहिला वार करणारा धीट ठरतो. येथे पुढाकार हे दौर्बल्य आहे, कारण ज्याने उच्चार केला त्याने आपले मनोगत उघडे केले आणि उत्तराला जागा दिली. बाख्तीनने म्हटल्याप्रमाणे प्रत्येक शब्द भावी उत्तराकडे तोंड करून उभा असतो. पण बाख्तीनच्या संवादात उत्तराने मूळ शब्द समृद्ध होतो, निदान त्याला नवे परिमाण लाभते. येथे उत्तर मूळ शब्दाच्या आधी घडून त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेते. हा संवाद म्हणावा की संवादाच्या रूपातील घातपात, याचे उत्तर संहिता देत नाही. दोहोंतील सीमारेषा पुसट आहे, एवढेच तिच्यावरून दिसते.

मंत्रांच्या दोन मुख्य प्रकारांतील भेदही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘सॉर्सरी’ हा मंत्र केवळ स्वतःच्या पाळीत, मुख्य टप्प्यात आणि चळत रिकामी असतानाच उच्चारता येतो. ‘इन्स्टंट’ हा बोलण्याचा हक्क हाती असताना केव्हाही. सामान्य खेळाडू हा भेद ‘संथ’ आणि ‘जलद’ असा समजतो. तो तसा नाही. चळतीवर पडल्यानंतर दोघांची गती सारखीच असते. भेद आहे तो संभाषणातील स्थानाचा. सॉर्सरी केवळ संभाषण सुरू करू शकते, कशाचे उत्तर देऊ शकत नाही. इन्स्टंट प्रस्तावही होऊ शकतो आणि प्रतिवादही. आणि ‘काउंटरस्पेल’सारखा मंत्र, जो चळतीवरील दुसऱ्या मंत्राला निष्फळ करतो, तो फक्त प्रतिवादच होऊ शकतो. त्याला बाह्य सृष्टीत विषयच नाही. अस्वल, वीज, भूमी यांच्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. दुसऱ्याचा अपूर्ण उच्चार हेच त्याचे लक्ष्य. याकोब्सनच्या परिभाषेत सांगायचे तर हे शुद्ध अधिभाषिक विधान आहे, आणि ते उच्चार व फल यांच्यातील फटीतच जगते. ती फट बुजवली तर हा पत्ता हातात धरून ठेवण्यालाही अर्थ उरणार नाही.

चळतीच्या या उलट क्रमाला भारतीय कथापरंपरेत एक जवळचा नातलग आहे. पंचतंत्रात एका कथेत दुसरी, दुसरीत तिसरी उघडते आणि शेवटी उघडलेली कथा आधी मिटते. तोवर बाहेरची कथा ताटकळत उभी राहते. परंतु पंचतंत्रातील अंतःकथा सहसा बाहेरच्या कथेला दृष्टांत पुरविते, तिचा वध करीत नाही. अधिक नेमके साम्य शुकसप्ततीशी आहे, जी मराठी वाचकाला शुकबहात्तरी म्हणून ठाऊक आहे. पती परगावी गेलेली प्रभावती दररोज रात्री प्रियकराकडे जाण्यास निघते. तिचा निश्चय झालेला असतो, शृंगार झालेला असतो, म्हणजे कृती उच्चारली गेलेली असते, घडलेली नसते. त्या फटीत पोपट आपली कथा ठेवतो. कथा आधी पूर्ण होते, आणि ती पूर्ण होईतो रात्रीचा तो बेत निष्फळ झालेला असतो. पोपट तिला बळाने अडवीत नाही, दार बंद करीत नाही, तो फक्त उत्तर देतो, आणि उत्तर आधी घडते. रोज एक याप्रमाणे पती परत येईपर्यंत हा क्रम चालतो. पोपटाजवळ बोलण्याचा हक्क होता आणि त्याने तो एकदाही सोडला नाही, असे या संहितेच्या भाषेत म्हणावे लागेल.

अर्थात ही व्यवस्था खेळाबरोबर जन्मली नाही. पहिल्या सहा वर्षांत चळत नव्हती. मंत्रांची एक मालिका तयार होई आणि ती एकदा फलद्रूप होऊ लागली की संपेपर्यंत तीत नवे मंत्र घालता येत नसत. याशिवाय ‘इंटरप्ट’ नावाची एक वेगळी जात होती. काउंटरस्पेल तेव्हा या जातीचा होता. इंटरप्टला केवळ दुसऱ्या इंटरप्टनेच उत्तर देता येई, इन्स्टंटला तो अधिकार नव्हता. थोडक्यात, शब्दांमध्ये वर्णव्यवस्था होती : काही शब्द जन्मतःच असे होते की इतरांनी त्यांना उत्तर देऊ नये. पुढे ‘माना सोर्स’ अशी आणखी एक पोटजात निघाली. ‘डार्क रिचुअल’ या एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या वर्षी इंटरप्ट, माना सोर्स आणि इन्स्टंट अशी तीन वेगळी जातिनामे छापलेली आढळतात. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी हे सारे मोडले. इंटरप्ट ही जात रद्द झाली, चळत आली, आणि प्रत्येक मंत्र फलद्रूप झाल्यानंतर पुन्हा बोलण्याचा हक्क फिरू लागला. या सुधारणेकडे सामान्यतः सुलभीकरण म्हणून पाहिले जाते. ते सुलभीकरण होतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने उत्तर देण्याचा हक्क सार्वत्रिक केला. सर्व शब्द समान गतीचे झाले, श्रेष्ठता केवळ क्रमात उरली.

जुन्या छापील पत्त्यांवर मात्र ‘इंटरप्ट’ हा शब्द आजही तसाच आहे, आणि ते पत्ते आजही खेळता येतात. त्यांचा अधिकृत पाठ कंपनीच्या ‘ओरॅकल’ या नोंदसंग्रहात असतो. छापील पाठ आणि हा पाठ यांत विरोध आला तर हा प्रमाण. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही गोष्ट विलक्षण वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तितका जुना पाठ शोधला. नंतरची भर तळटीपांत आणि परिशिष्टांत गेली. येथे उलट सर्वांत नवा पाठच मूळ पाठ ठरतो. खेळाडूच्या हातातील कागद हा केवळ एका अदृश्य संहितेचा निर्देशक उरतो.

नियम आणि पत्ता यांच्यात विरोध आल्यास पत्ता प्रबळ, असा या संहितेचा एक मूलभूत नियम आहे. उत्सर्ग आणि अपवाद यांच्या शास्त्रीय चर्चेशी परिचित असलेल्या वाचकाला त्यात नवे काही वाटणार नाही. परंतु त्याला जोडून येणारा नियम असा, की एक वचन ‘करता येते’ म्हणत असेल आणि दुसरे ‘करता येत नाही’ म्हणत असेल तर निषेध जिंकतो. मीमांसकांपुढे हाच पेच षोडशीग्रहणाच्या संदर्भात आला होता. अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे असेही वचन आहे आणि घेऊ नये असेही. दोन्ही तुल्यबल, म्हणून त्यांनी नाइलाजाने विकल्प मानला, आणि विकल्पात आठ दोष असल्याची नोंदही केली. दोन यजमानांनी दोन वेगळ्या रीतींनी याग केला तर मीमांसकाचे काही बिघडत नाही. खेळात मात्र एकाच क्षणी दोघांसमोर एकच उत्तर यावे लागते. विकल्पाची उदारता तेथे परवडणारी नाही.

उत्तर देण्याचा हक्क सार्वत्रिक झाला, तरी त्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी राहिल्याच. भूमीतून माना काढण्याची क्रिया चळतीवर जात नाही, तिला उत्तर नाही. २००६ मध्ये ‘स्प्लिट सेकंड’ या नावाने काही मंत्रांना असा गुण देण्यात आला की ते चळतीवर असेपर्यंत कोणालाही दुसरा मंत्र उच्चारता येत नाही. म्हणजे जुना इंटरप्ट वेगळ्या वेशात परतला. हा गुण मोजक्याच पत्त्यांना मिळाला, हे सुचिन्ह मानावे लागेल. आणि सर्वांत महत्त्वाच्या आहेत त्या स्थितिजन्य क्रिया. कोणालाही बोलण्याचा हक्क मिळण्यापूर्वी संहिता सारी सृष्टी एकदा न्याहाळते : प्राणघातक इजा झालेला प्राणी नष्ट होतो, शून्य प्राणांकांचा खेळाडू हरतो. हे चळतीवर येत नाही, याविषयी कोणाला विचारले जात नाही. मृत्यू हा या खेळातला एकमेव उच्चार असा आहे की ज्यापुढे इतरांचे मौन मागितले जात नाही.

येथे संहितेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण पालट लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९९९ पूर्वी खेळाडूचे प्राणांक शून्यावर गेले तरी तो चालू टप्पा संपेपर्यंत हरत नसे. तेवढ्या अवकाशात त्याला प्राणांक परत मिळवून वाचता येई. मरण आले आहे पण नोंदले गेलेले नाही, अशी ती अवस्था होती. सहाव्या आवृत्तीने ती रद्द केली. परंतु त्याच आवृत्तीने लढाईतील इजा चळतीवर ठेवण्याची पद्धत आणली आणि खेळाडूकडून काढून घेतलेला अवकाश प्राण्याला दिला. ‘मॉग फॅनॅटिक’ हे एक बळ व एक सहनशक्ती असलेले क्षुद्र पिशाच. त्याचा बळी दिला असता ते हव्या त्या लक्ष्याला एक इजा करते. दोन सहनशक्तीच्या अस्वलाशी ते भिडले, की खेळाडू त्याचा प्रहार चळतीवर जाऊ देई आणि मग त्याचा बळी देई. बळीची एक इजा आणि चळतीवर राहिलेल्या प्रहाराची एक, अशा दोन इजांनी अस्वल मरे. मारणारा आधीच नाहीसा झालेला असे. दहा वर्षे खेळाडूंनी या मरणोत्तर प्रहारावर आपले कसब पोसले. जुलै २००९ मध्ये नियम बदलले, लढाईतील इजा चळतीवरून उठवली गेली आणि लगेच घडू लागली. प्रहार की बळी, यांतून एकच निवडणे भाग पडले. बदलाच्या समर्थनार्थ मुख्य मुद्दा मांडला गेला तो स्वाभाविकतेचा : जो प्राणी उरलेला नाही त्याची मूठ कोणाला कशी लागेल?

हे समर्थन फसवे आहे. ज्या खेळात शेवटचा शब्द प्रथम घडतो तेथे स्वाभाविकतेचा आधार घेणे मुळातच विसंगत आहे. मरणोत्तर प्रहार अस्वाभाविक असेल, तर विजेच्या लोळानंतर सुचलेली वाढ त्या लोळाआधी अंगी लागणे कितपत स्वाभाविक? वस्तुतः २००९ चा बदल नवशिक्या वाचकासाठी संहितेतील एक कठीण स्थळ सपाट करणारा होता, आणि सपाटीकरणाची किंमत एका समृद्ध द्विधेने मोजली गेली असे आरंभी दिसते. मात्र पुढच्या वर्षांचा खेळ पाहता या मताला थोडी मुरड घालावी लागते. पूर्वी प्रहार आणि बळी दोन्ही मिळत असल्याने जाणत्या खेळाडूपुढे निवड अशी नव्हतीच. ती २००९ नंतर निर्माण झाली. गमावले गेले ते कसब, वाढला तो पेच.

मौनाच्या बाबतीत तर यंत्राने आणखी एक घडी उलगडली. मेजावर समोरासमोर खेळताना कोणी दर वेळी ‘हक्क सोडला’ असे म्हणत नाही. मान हलते, पुढचा पत्ता उचलला जातो, आणि नियमांनीही असे संक्षेप मान्य केले आहेत. २००२ मध्ये आलेल्या ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालेल्या ‘अरीना’मध्ये हा संक्षेप यंत्राकडे गेला. खेळाडूपाशी उच्चारण्याजोगे काही नसेल तर अरीना त्याच्या वतीने आपणहून हक्क सोडते. काही असेल तर थांबते. परिणामी तो थांबाच बोलू लागला. पडद्यावर क्षणभर काहीच घडले नाही, की प्रतिस्पर्धी ओळखतो : समोर काहीतरी आहे. म्हणून चतुर खेळाडू हातात काही नसतानाही थांबा मागून घेतो. रिकामे मौन आणि भरलेले मौन हा भेद, जो नाट्यसमीक्षेत नटाच्या विरामासंबंधी केला जातो, तो येथे डावपेच म्हणून वापरला जातो.

ज्या स्थितीत कोणालाही निवड नाही आणि सक्तीच्या क्रियांचे चक्र थांबविता येत नाही, तेथे संहिता डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर करते. २०१९ मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी एका शोधनिबंधात दाखवून दिले, की केवळ सक्तीच्या खेळींची अशी मांडणी रचता येते की डाव कोण जिंकणार याचा निर्णय कोणत्याही गणनविधीला सर्वसाधारणपणे करता येणार नाही. त्या निबंधाची चर्चा संगणनशास्त्रात झाली. परंतु त्यातील एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकानेही टिपण्यासारखी आहे. त्या मांडणीत दोन्ही खेळाडूंना बोलण्याचा हक्क मिळत राहतो, आणि उच्चारण्यासारखे काही उरलेले नसते. मौन आहे, पण ते कोणी धारण केलेले नाही.

२००९ च्या बदलाकडे परतून एक गोष्ट नोंदवावी लागते. मॉग फॅनॅटिकचा प्रहार त्याच्या मरणाबरोबर गेला. त्याच्या बळीतून निघालेली एक इजा मात्र गेली नाही. चळतीवर आलेला परिणाम ज्याच्यापासून निघाला त्याच्यापासून स्वतंत्र होतो, मूळ नष्ट झाले तरी तो टिकतो, हे कलम सर्व आवृत्त्यांतून शाबूत राहिले आहे. प्राण्याची कृती त्याच्या अस्तित्वाला बांधलेली राहिली, त्याचे वचन मात्र सुटे झाले. त्या पिशाचाचा देह स्मशानाच्या ढिगात जाऊन पडलेला असतो, समोरचा खेळाडू हातातले पत्ते पाहत असतो, आणि चळतीवर एक इजा त्याच्या मौनाची वाट पाहत असते.